प्रदर्शने भरतात, प्रेक्षक घडत नाहीत

मुंबईत चित्रे पाहायला मिळत नाहीत, अशी तक्रार आज कोणी करू शकणार नाही. काळा घोड्याच्या परिसरात जहांगीर आर्ट गॅलरी, नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या तीन मोठ्या संस्था एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत तर त्या परिसरात पाऊल ठेवायला जागा नसते. तरीही शिकलासवरलेला मराठी माणूस गाण्यावर, नाटकावर किंवा कादंबरीवर ज्या हक्काने बोलतो, तो हक्क त्याला चित्राबाबत वाटत नाही. मैफलीत सम चुकली तर त्याला कळते, नाटकात एखादी जागा पडली तर ती खटकते. चित्रासमोर मात्र ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ असे म्हणून तो पुढे सरकतो. याचे खापर सहसा आधुनिक चित्रांच्या दुर्बोधतेवर फोडले जाते. माझ्या मते दोष आपल्या कलासंस्थांच्या रचनेत आहे. दाखवणे आणि शिकवणे ही दोन वेगळी खाती आहेत असे धरून त्या चालतात. या दोन्ही कामांना जोडू शकेल असा, कायम मांडलेला आणि पुन्हा पुन्हा येऊन पाहता येईल असा संग्रह बहुतेक ठिकाणी एक तर नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे.

सुरुवात जहांगीरपासून करू, कारण सामान्य माणसाच्या मनात आर्ट गॅलरी म्हणजे जहांगीर. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांच्या आग्रहामुळे सर कावसजी जहांगीर यांनी पुढाकार घेतला आणि 1952मध्ये ही गॅलरी उभी राहिली. चित्रकाराने अर्ज करायचा, पाळी येण्याची वाट पाहायची, भाडे भरायचे आणि एक आठवडा भिंती आपल्या म्हणायच्या, अशी तिची पद्धत आहे. या पद्धतीचे मोल कमी लेखू नये. सांगली-नांदेडच्या चित्रकाराला त्यामुळे मोठमोठ्या नावांच्या बरोबरीने त्याच भिंती मिळतात, आणि प्रेक्षकाला तिकीट काढावे लागत नाही. पण शिक्षणाच्या दृष्टीने तिची मर्यादाही तिथेच सुरू होते. सोमवारी संध्याकाळी चित्रे उतरतात, मंगळवारी नवी चढतात. नववीचा वर्ग घेऊन येऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाला पुढच्या महिन्यात तिथे निसर्गचित्रे असतील की अमूर्त चित्रे, हे ठाऊक नसते. त्यामुळे वर्गात आधी तयारी करून घेणे शक्य होत नाही आणि महिन्याभराने त्याच चित्रापाशी परत येण्याचा तर प्रश्नच नसतो. तुलना हा पाहण्याचा पाया आहे, आणि काल पाहिलेले आज जागेवर नसेल तर तुलना कशाशी करायची? जहांगीरचा हा दोष म्हणता येणार नाही, कारण ती गॅलरी त्यासाठी बांधलेलीच नव्हती. दोष आपला आहे, कारण भाड्याच्या दालनाचा हा नमुना आपण सार्वजनिक कलादालनाचा आदर्श म्हणून गावोगावच्या नाट्यगृहांच्या आणि पालिकांच्या आवारात गिरवला.

कायम संग्रह मांडून पाहायला शिकवण्याचे काम ज्या संस्थेकडून अपेक्षित होते, ती नॅशनल गॅलरी. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी उभारलेल्या, 1911च्या सर कावसजी जहांगीर सभागृहाचे रूप पालटून 1996मध्ये तिची मुंबई शाखा सुरू झाली. दिल्लीच्या मूळ संस्थेकडे 17,000हून अधिक कलाकृती आहेत, पण मुंबईच्या इमारतीत भर राहिला तो येत्या-जात्या प्रदर्शनांवर. त्यांतली काही फारच मोलाची होती. 2018मध्ये इथे चित्रकार म. वि. धुरंधरांचे मोठे प्रदर्शन झाले आणि 2019मध्ये चित्रकार प्रभाकर बरवे यांचे ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’. एनॅमलच्या सपाट रंगपृष्ठावर घड्याळ, पान, फळ अशा रोजच्या वस्तू बरवे सुट्या सुट्या ठेवतात, त्यांच्यामधले अंतर बोलके करतात, आणि वस्तू व तिची सावली यांचे ठरलेले नाते मोडून दाखवतात. या प्रदर्शनात चित्रांबरोबर त्यांच्या रोजनिशा आणि कच्ची रेखाटनेही होती, त्यामुळे विचार कागदावरून कॅनव्हासवर कसा जातो ते डोळ्यांना दिसत होते. चित्र वाचायला शिकवणारा याहून चांगला धडा नाही. पण मुदत संपली आणि धडा आवरला गेला. आज एखाद्या कलाविद्यार्थ्याला बरवे किंवा धुरंधर शिकायचे असतील, तर ‘तिथे जाऊन बघ’ असे सांगावे अशी एकही हक्काची भिंत नाही. याच बरवे प्रदर्शनाच्या उद्घाटनात अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी गॅलरीची स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त केल्याबद्दल प्रश्न उपस्थित केला, तेव्हा त्यांना बोलताना अडवण्यात आले. त्या प्रसंगाची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने पुष्कळ झाली; मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. शहराच्या संस्थेत काय लागावे हे ठरवण्यात शहराला वाटा नसेल, तर शहरातल्या शाळांना, कलामहाविद्यालयांना आणि प्रेक्षकांना ती संस्था आपली का वाटावी?

आता दुसरी बाजू पाहू. महाराष्ट्रात चित्रकलेचे शिक्षण नाही असे मुळीच नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना दर वर्षी लाखो मुले बसतात, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. कलाशिक्षणाची एवढी मोठी, तालुक्यातालुक्यात पोचलेली यंत्रणा हाताशी असणे ही लहान गोष्ट नाही. पण या परीक्षांचे विषय पाहा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. सगळा भर हातावर आहे. समोरचे चित्र पाहून त्यात काय दिसते, प्रकाश कुठून येतो, चित्रकाराने अमुक गोष्ट मध्यभागी का ठेवली नाही, असे एकही उत्तर मुलाला लिहावे लागत नाही. परिणामी मडके आणि फडके उत्तम छायांकित करणारा विद्यार्थी एकही मूळ तैलचित्र जवळून न पाहता इंटरमिजिएट उत्तीर्ण होऊ शकतो. एकीकडे पाहणाऱ्यांची वाट पाहणारी दालने आणि दुसरीकडे पाहणे न शिकवणाऱ्या परीक्षा, असा हा दुहेरी तोटा आहे. कलादालनांचे ‘समाजशिक्षण’ही याच वळणावर जाते. उपक्रम म्हणजे प्रजासत्ताक दिनाला चित्रकला स्पर्धा किंवा उन्हाळी सुट्टीत मातीकामाचे शिबिर, असा समज घट्ट झाला आहे. शिबिरे वाईट नाहीत, पण ती शाळेच्या हॉलमध्येही होऊ शकतात. कलादालनात होणाऱ्या उपक्रमाला तिथल्या भिंतीवरच्या चित्राची गरज पडत नसेल, तर तो उपक्रम कलादालनाचा नव्हे.

दाखवणे आणि शिकवणे एकत्र आले म्हणजे काय होते, हे पाहायला परदेशात जावे लागत नाही, भायखळ्याला जावे. 1872मध्ये लोकांसाठी खुले झालेले भाऊ दाजी लाड संग्रहालय पुढे कित्येक वर्षे दुर्लक्षित होते. महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी एकत्र येऊन त्याचा जीर्णोद्धार केला, 2005मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि 2008मध्ये ते पुन्हा उघडले. त्यानंतरचा मार्ग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. संग्रह जागेवर ठेवूनच त्यांनी सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया अशा आजच्या कलावंतांना तिथे बोलावले आणि त्या जुन्या वस्तूंच्या सान्निध्यात नवे काम मांडायला सांगितले. वरच्या मजल्यावरच्या कपाटांत एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईकरांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत: पगड्यांचे प्रकार, पोशाखांच्या तऱ्हा, निरनिराळे व्यवसाय करणारी माणसे. शाळकरी मुलाला त्या गोड बाहुल्या वाटतात. पण या माणसांची अशी वर्गवारी कोणी केली, कशासाठी केली, आणि मांडणाऱ्या साहेबाची स्वतःची बाहुली यात का नाही, असे त्याला विचारले की तीच कपाटे वसाहतवादाचा धडा होतात. बाहेर उभा असलेला, ज्याच्यामुळे घारापुरीला एलिफंटा हे नाव पडले तो दगडी हत्तीही असेच प्रश्न विचारायला लावतो. हे घडते, कारण कपाट आणि हत्ती उद्याही तिथेच असणार आहेत. आज ऐकलेला प्रश्न घेऊन मूल महिन्याभराने आईवडिलांना तिथे आणू शकते.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेही हेच सिद्ध केले आहे. ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ या 2017-18च्या प्रदर्शनात ब्रिटिश म्युझियम व दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्याबरोबर, जगाचा इतिहास नऊ गोष्टींतून मांडताना भारतातल्या वस्तू परदेशी वस्तूंच्या शेजारी ठेवल्या होत्या. ही तुलना करण्याइतका स्वतःचा संग्रह हाताशी होता म्हणून ते प्रदर्शन पाहुण्यांचे राहिले नाही. 2015पासून त्यांची संग्रहालय-बस शाळांच्या दारी जाते, आणि 2019मध्ये उघडलेल्या बालसंग्रहालयात वस्तू निवडण्या-मांडण्याच्या कामातही मुलांना सहभागी करून घेतले गेले. आधुनिक चित्रांच्या बाबतीत 2011पासून याच इमारतीत जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहातील चित्रे पाहायला मिळतात. एका खाजगी संग्राहकाने आवडीने जमवलेला हा ठेवा मुंबईच्या आधुनिक चित्रकलेची शिकवणी घेण्यास आज सरकारी भिंतींपेक्षा जास्त उपयोगी पडतो, ही वस्तुस्थिती संग्राहकासाठी गौरवाची आणि शासनासाठी विचार करायला लावणारी आहे.

या मताला काही आक्षेप घेतले जातात. पहिला कलावंतांकडून येतो: चित्राने स्वतःच बोलावे, शेजारी मास्तर उभा करू नये, समजावून सांगितले की अनुभव मरतो. यात तथ्य आहे, आणि चित्राचा ‘अर्थ’ सांगून मोकळ्या होणाऱ्या पाट्या मलाही नको आहेत. पण ख्याल ऐकणाऱ्याच्या कानावर घरातल्या रियाजापासून रेडिओपर्यंत अनेक वर्षांचे संस्कार झालेले असतात. म्हणून गाणे ‘आपोआप’ पोचल्यासारखे वाटते. चित्राच्या वाट्याला ते संस्कार आले नाहीत, तर ते देण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायलाच हवी. चांगला मार्गदर्शक उत्तर देत नाही; तो प्रेक्षकाला दोन मिनिटे जास्त थांबायला लावतो. दुसरा आक्षेप भाषेचा: चित्रकलेची चर्चा मराठीत करायला परिभाषाच नाही. हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून नाही. धुरंधरांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ मराठीत लिहिले, बरवेंनी ‘कोरा कॅनव्हास’ मराठीत लिहिले, द. ग. गोडसे यांनी आयुष्यभर मराठीतच कलाविचार मांडला, आणि सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेल्या चरित्रकोशाच्या दृश्यकला खंडाने शेकडो कलावंतांची माहिती मराठीत एकत्र आणली. भाषा तयार आहे. प्रदर्शनाच्या पाटीवर, पुस्तिकेत आणि मार्गदर्शकाच्या तोंडी ती आणायची एवढेच बाकी आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: कायम संग्रह शिळा होतो, लोक पुन्हा येत नाहीत, आणि सांभाळायला पैसाही लागतो. पण शिळा होतो तो संग्रह नव्हे, त्याची मांडणी. साठ्यातली चित्रे आलटून-पालटून लावली, दर वर्षी एक नवा प्रश्न घेऊन त्यांची रांग बदलली, तर त्याच संग्रहातून दहा वर्षे नवे काही दाखवता येते. खर्चाचे म्हणाल, तर आठवड्याला बदलणाऱ्या प्रदर्शनांचा, उद्घाटनांचा आणि महोत्सवी मंडपांचा खर्च कमी नसतो. त्यातला एक हिस्सा दोन-चार मराठी बोलणाऱ्या, प्रशिक्षित आणि कायम पगारी मार्गदर्शकांवर खर्च झाला तरी चित्र बदलेल. भायखळ्याचा अनुभव सांगतो की पालिका आणि खाजगी संस्था यांचे हात एकत्र आले तर पैसा उभा राहतो.

मुंबईबाहेर तर हा प्रश्न अधिकच जाणवतो, कारण तिथे उलटी परिस्थिती आहे: संग्रह आहे, शिकवणे नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला, गावाजवळच्या डोंगरावर, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभारले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने रविवर्म्यांच्या तैलचित्रांबरोबर हेन्री मूरचे आई-मुलाचे शिल्पही तिथे आणून ठेवले. रविवर्म्याच्या चित्रात कापडाची प्रत्येक चुणी मोजून घ्यावी अशी आहे, आणि मूरच्या शिल्पात मात्र आकार जवळजवळ दगडातच राहिलेले आहेत. आधुनिकता म्हणजे काय हे शिकवायला या दोन कृतींमधले अंतर पुरेसे आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमान यांच्या कामापासून त्या शहराची सगळी चित्रपरंपरा उलगडता येईल. इथल्या आसपासच्या शाळांतून एलिमेंटरीला बसणारी हजारो मुले या चित्रांपासून एका एसटीच्या तिकिटाइतकी दूर आहेत. तरीही ती तिथे जातात ती सहलीला, पंधरा-वीस मिनिटांसाठी, रांगेत आणि ‘हात लावू नका’ एवढीच सूचना ऐकत.

म्हणून मागणी फार मोठी नाही. कला संचालनालयाने इंटरमिजिएटच्या अभ्यासक्रमात चित्र पाहून लिहिण्याचा एक प्रश्न घालावा आणि त्यासाठी आपापल्या जिल्ह्यातल्या सार्वजनिक संग्रहातील ठरावीक कलाकृती नेमाव्यात. प्रत्येक सार्वजनिक कलादालनाने आपल्या जागेचा एक भाग कायम संग्रहासाठी राखून त्याची मांडणी, पाट्या आणि मार्गदर्शन मराठीत करावे. नॅशनल गॅलरीच्या मुंबई शाखेने दिल्लीतल्या साठ्यातून महाराष्ट्राच्या चित्रकलेचा निदान एक मजला कायम उभा करावा आणि स्थानिक सल्लागार समितीला पुन्हा अधिकार द्यावेत. कलादालनाच्या वार्षिक अहवालात प्रदर्शनांची संख्या छापली जाते. त्याच पानावर यापुढे दुसऱ्यांदा आलेल्या प्रेक्षकांची संख्याही छापली जावी, कारण सार्वजनिक कलादालनाचे यश शेवटी त्या एकाच आकड्यावर ठरते.