हायेझचे ‘चिंतन’ : चित्रातील अक्षरांचे कार्य

फ्रांचेस्को हायेझ (१७९१–१८८२) या इटालियन चित्रकाराचे ‘चिंतन’ हे १८५१ चे तैलचित्र व्हेरोना येथील कलासंग्रहालयात आहे. खुर्चीवर बसलेली, मान झुकलेली, शुभ्र वस्त्र खांद्यावरून ढळलेले, अशी ही विषण्ण तरुणी. एवढेच पाहणारा समीक्षक तिला विरहिणी म्हणेल. परंतु तिच्याजवळील ग्रंथावर ‘इटलीचा इतिहास’ ही अक्षरे आहेत, आणि हातातील क्रुसावर १८ ते २२ मार्च १८४८ या तारखा तांबड्या रंगात लिहिल्या आहेत. ऑस्ट्रियन सत्तेविरुद्ध मिलान शहर उठले ते हे पाच दिवस. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती सत्ता परत आली.

भाषाविचाराच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही, की उठावाचे नाव चित्रात कोठेही नाही. तारखा केवळ निर्देश करतात. अर्थ पुरवावयाचा तो पाहणाऱ्याच्या स्मृतीने. १८४८ मध्येच साताऱ्याचे छत्रपती शहाजी निवर्तले, आणि राज्य खालसा झाल्यावर भोरची पंतसचिवांची जहागीर थेट इंग्रजी अधिसत्तेखाली आली. भोरच्या इतिहासज्ञ वाचकास तोच सन निराळ्या पराभवाची आठवण देईल. अक्षरे तीच राहूनही वाचकागणिक अर्थ पालटतो, तो असा.

राष्ट्राला स्त्रीरूप देणाऱ्या चित्रांत ती स्त्री बहुधा चिन्हापुरतीच उरते. येथे मात्र छायेत बुडालेले तिचे डोळे आपल्यावर खिळलेले आहेत, आणि त्या दृष्टीतील दुःखाचा उलगडा कोणत्याही तारखेने पुरता होत नाही. म्हणून हे चित्र रूपक असूनही एका व्यक्तीचे चित्र राहते.