‘वृक्ष’, ‘गवत’ आणि ‘गौण’ : वनहक्काच्या परिभाषेची चिकित्सा

लोकाधारित वनव्यवस्थापनाविषयी मराठीत अलीकडे बरेच लेखन झाले आहे. ते मुख्यतः अर्थशास्त्र, पर्यावरण आणि चळवळ या तीन अंगांनी झालेले असून परिभाषेकडे त्यात फारसे कोणी वळलेले दिसत नाही. पारिभाषिक शब्द म्हणजे वस्तूवर चिकटवलेली चिठ्ठी, ती बदलल्याने वस्तू बदलत नाही, अशी या लेखकांची समजूत असावी. गडचिरोलीच्या बांबूपुरती तरी ती चुकीची आहे. तेथे बांबू कोणाचा, हा प्रश्न बराच काळ बांबू म्हणजे काय या प्रश्नात अडकून पडला होता.

भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या दुसऱ्या कलमात ‘वृक्ष’ या संज्ञेत ताड-माडासारखी झाडे, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत यांचा समावेश केला होता. पडलेला किंवा तोडलेला वृक्ष हे ‘इमारती लाकूड’ होय, असेही तेच कलम सांगते. दोन्ही विधाने एकत्र वाचली म्हणजे तोडलेला बांबू हे इमारती लाकूड ठरते. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. ही समावेशक व्याख्या आहे. वृक्ष कशाला म्हणावे हे ती सांगतच नाही, केवळ कशाकशावर अंमल चालवावयाचा आहे ते सांगते. व्याख्येचे रूप घेऊन आलेली ती आज्ञाच होय.

वनस्पतिशास्त्र बांबूला तृणकुलात घालते हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यासाठी शास्त्राकडे जाण्याची गरज नाही. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याची भाषाही हेच सांगते. उसाला पेर असते, ज्वारीच्या ताटाला पेर असते आणि बांबूलाही पेरच असते. सागाला किंवा आंब्याला कोणी पेर म्हणत नाही. झाडांची राई होते, बांबूचे बेट होते. कोंब, पेर, बेट ही शब्दमालिका पाहिली तर बोलीने बांबूचे वर्गीकरण कायद्याच्या कितीतरी आधी आणि अधिक अचूक केले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे वनहक्क अधिनियम, २००६ आला. त्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत, इमारती लाकूड वगळता वनस्पतिजन्य असे सर्व उत्पादन घातले आणि त्यात बांबूचा स्पष्ट उल्लेख केला. म्हणजे २००६ पासून २०१७ पर्यंत एकच तोडलेला बांबू एका कायद्याने लाकूड होता आणि दुसऱ्याने लाकूड नव्हता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवान्यावाचून बांबू गावाबाहेर विक्रीस नेता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हक्काची सनद आणि परवान्याचे पुस्तक यांमधील हे अंतर ज्यांना किरकोळ कार्यालयीन विलंब वाटते, त्यांनी या काळात दोन व्याख्या एकमेकींसमोर कशा उभ्या होत्या ते पाहावे.

‘गौण’ या शब्दाचेही असेच आहे. गौण कोणाला? साग तोडून महसूल मोजणाऱ्याला मध, डिंक, तेंदूपान व बांबू गौण वाटणे स्वाभाविक आहे. ज्या घराचे वर्ष त्यांवर निघते त्या घरात ते मुख्यच. प्राचीन मीमांसेतील मुख्य आणि गौण हा अर्थभेद संदर्भावर अवलंबून असतो. शासकीय मराठीने संदर्भ टाकला आणि विशेषण ठेवले. कायद्याने दिलेल्या विक्री-वाहतुकीच्या अधिकारासाठी रुळलेला ‘विल्हेवाट’ हा शब्द तर याहून वाईट. नको असलेल्या वस्तूची विल्हेवाट लावतात. जुन्या मध्यप्रांतातील ‘निस्तार’ घरगुती गरजेपुरता होता, बाजारापर्यंत तो पोचत नव्हता. २००६ च्या कायद्याने नेमकी हीच मर्यादा ओलांडली. आणि ज्या शब्दाने ते सांगावयाचे तोच असा दुबळा निघाला.

तुलनेसाठी पापुआ न्यू गिनीकडे पाहावे. तेथील बहुतांश भूमी परंपरेने कुळांच्या मालकीची आहे. ओंडके जहाजात भरून नेणाऱ्या मोठ्या व्यापाराला पर्याय म्हणून तेथे उचलून नेता येणारी लहान आरागिरणी आली. पडलेल्या झाडापाशीच फळ्या चिरून त्या बाहेर काढता येतात आणि अशा फळ्या परदेशीही गेल्या आहेत. टोक पिसिन भाषेत या यंत्राला ‘वोकाबाउट सोमिल’, म्हणजे चालती-फिरती आरागिरणी, म्हणतात. जमीनमालकाला ‘पापा बिलोंग ग्राउन’, भूमीचा बाप. ही भाषा वसाहतीतील मळ्यांवर वाढली, तिला कोणी अभिजात म्हणणार नाही. तरी यंत्र कोणाच्या कामाचे आणि जमीन कोणाची, हे तिच्या शब्दांतून लगेच कळते. शब्द चांगला म्हणून तेथील जंगल वाचले, असा दावा अर्थातच करता येणार नाही. मोठी ओंडकातोड तेथे थांबलेली नाही.

चळवळीच्या बाजूचा शब्दही तपासावयास हवा. १९९० च्या केंद्रीय परिपत्रकानंतर ‘सहभाग’ हा शब्द सर्वत्र पसरला. सहभाग दुसऱ्याच्या कार्यात असतो. कार्य वनखात्याचे, भाग लोकांचा. मेंढ्याची घोषणा याच्या नेमकी उलट आहे : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. मराठीत ‘आपण’मध्ये श्रोता येतो, ‘आम्ही’मध्ये येत नाही. हा भेद मराठीत द्राविडी संपर्काने आला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात आणि गोंडी ही द्राविडी भाषा आहे. घोषणा ऐकणारा अधिकारी त्या ‘आम्ही’च्या बाहेर उभा राहतो. ‘सहभाग’ हा शब्द त्याला पुन्हा आत घेतो, तोही यजमान म्हणून.

नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकुमाने व त्यामागून आलेल्या दुरुस्तीने १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढला. बांबू गवत झाला म्हणून वृत्तपत्रांनी त्याचे स्वागत केले. परंतु वनाबाहेर, खाजगी शेतात लावलेल्या बांबूची सुटका हा तिचा हेतू होता. वनातील बांबू वनोपजच राहिला, कारण त्याच कायद्यात वनातून आणलेले गवतही वनोपज आहे. मे २०२२ मध्ये बांबूच्या कोळशाची निर्यात खुली झाली, तीही बांबू वैध मार्गाने मिळाल्याचे कागदपत्र असेल तरच. आता प्रश्न ‘वृक्ष’ या शब्दाचा राहिलेला नाही, ‘वैध’ या शब्दाचा आहे. आणि ग्रामसभेने फाडलेला परवाना बंदरावरील अधिकारी त्या शब्दात बसवतो की नाही, हे पाहावयाचे आहे.