गवळाऊ, गवळी आणि बोरचे रान : चराई हक्काची चिकित्सा

वनावरील सत्तेचा विचार आपल्याकडे बहुधा लाकूड, बांबू आणि अतिक्रमित जमीन यांच्या अनुषंगाने झाला. चराईला त्यात दुय्यम स्थान मिळाले. वर्धा जिल्ह्यातील बोर अभयारण्याच्या परिसरात मात्र संघर्षाचे मूळ चराईतच आहे.

आर्वी व कारंजा (घाडगे) तालुक्यांतील नंद गवळी समाजाने गवळाऊ हा गोवंश पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. अंगाने हलकी, चालीला चपळ अशी ही जात रानातील मोकळ्या चराईवर वाढते; विकतच्या वैरणीवर तिचे अर्थकारण टिकत नाही. 1970 मध्ये बोर अभयारण्य घोषित झाले आणि 2014 मध्ये त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभा क्षेत्र अवघे सुमारे 138 चौ. कि. मी. एवढ्या लहान क्षेत्रात गुरांचे कळप वाघाच्या भक्ष्याचा चारा संपवितात, हा वनविभागाच्या बाजूचा युक्तिवाद निराधार नाही. परंतु त्यावरून गवळ्याचा हक्कच संपतो, असे अनुमान निघत नाही.

1927 च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात गुरे चारणे हा अपराध ठरविला, तर 1871 च्या कायद्याने अशा गुरांना कोंडवाडा दाखविला. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 ने स्थायी व फिरती अशी दोन्ही प्रकारची चराई सामूहिक हक्क म्हणून मान्य केली. शब्द बदलले, पुराव्याची चौकट मात्र स्थायी गावाचीच राहिली. गवळी अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. (गुरांच्या वाटेची नोंद कोणता तलाठी ठेवतो?) गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे एक गाव, एक ग्रामसभा आणि ओळखीची शीव होती. गवळ्याचा कळप अनेक गावांच्या शिवा ओलांडतो. त्याचा दावा कोणत्या एका ग्रामसभेने करावा, याचे सोपे उत्तर नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील 2006 ची दुरुस्ती व्याघ्र अधिवास मानवी हस्तक्षेपमुक्त ठेवण्यास सांगते. मात्र वननिवासींच्या हक्कांना बाधा न आणता. म्हणजे क्रम स्पष्ट आहे : आधी हक्कांची निश्चिती, मग निर्बंध. 2008 मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी पशुपालकांच्या दाव्यांची पडताळणी त्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीत व्हावी, असेही बंधन घातले. बोरमधील चराईबंदीची वैधता याच कसोटीवर तपासली पाहिजे. वाघांची संख्या येथे गैरलागू आहे.

याच कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे शासनाचे पशुपैदास प्रक्षेत्र गवळाऊच्या संवर्धनासाठी चालते. एक विभाग वंश राखतो, दुसरा त्याच वंशाच्या पालकाला रानाबाहेर अडवितो. आणि कळप विकणाऱ्या गवळ्याची नोंद या दोहोंपैकी कोणाच्याही दप्तरी होत नाही.