बुंध्याची मुदत ठेव

बोन्सायच्या प्रदर्शनात शिरलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा : "किती वर्षांचं हो हे?" परवा मीही विचारला. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "१२." झाड वीतभर, खोड पेन्सिलीएवढं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गेल्या १२ वर्षांत माझा कमरेचा पट्टा चार भोकं पुढे सरकला आहे, आणि मला तर कुणी शेणखतही घातलं नव्हतं. कुंडी मात्र निळीशार, चकचकीत, पायांवर नक्षी. नवरीपेक्षा शालू भारी!

निम्म्या हॉलभर हाच प्रकार. बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ साधारणपणे 'उथळ भांड्यातली लागवड'. आपल्या हौशी मंडळींनी त्यातलं भांडं तेवढं मनावर घेतलं. कोवळं रोप आणायचं, त्याच दिवशी थाळीएवढ्या कुंडीत कोंबायचं आणि दर रविवारी कात्री चालवायची. झाड बुटकं राहतं हे खरं, पण म्हातारं दिसत नाही. दिसतं ते फक्त उपाशी. उथळ कुंडी हे बोन्सायचं सासर. अंगानं भरायचं ते माहेरी, मोकळ्या जमिनीत.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे हे मला व्याजाच्या भाषेत समजलं. सालीखालचा एक पातळ थर लाकडावर नवं लाकूड चढवत असतो. त्यासाठी लागणारं अन्न तयार करतात पानं. पानं म्हणजे मुद्दल. फांदी जितकी मोकाट वाढेल, तितका तिच्या खालचा बुंधा जाड होतो. म्हणून जाणकार खालची एखादी फांदी मुद्दाम सोडून देतात, ती हातभर लांब झाली तरी शिवत नाहीत, आणि बुंधा भरला की ती बिनदिक्कत उडवतात. दर रविवारी छाटणारा गृहस्थ म्हणजे दर महिन्याला ठेव मोडून, वर व्याज का नाही म्हणून काउंटरवर भांडणारा खातेदार.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी होती ती गलेलठ्ठ फायकसांपुढे. खाली रताळ्यासारखं फुगलेलं धड, वर कलम केलेल्या पानांचा टोप. लोकांना ते खोड वाटतं. ते खोड नव्हेच. ते फुगलेलं मूळ, मातीबाहेर काढून उभं केलेलं. टेबलावर शोभेला ठेवा, माझी हरकत नाही. पण त्याला जाड बुंध्याच्या रांगेत बसवणं म्हणजे पोटाला उशी बांधून शेठजी झालेल्या नटाला कर्ज मंजूर करणं.

कोपऱ्यात एक वड होता. कुंडी कडेला टवका उडालेली. पण मुळं चहूकडे पसरून मातीला घट्ट धरून बसलेली, बुंधा खाली रुंद आणि वर हळूहळू निमुळता. जुन्या कापाच्या जागा सालीनं अशा भरून काढल्या होत्या की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत. (मी फिरवलं. बाई ओरडल्या.) त्याचं वय विचारावंसं वाटलंच नाही. हिरोशिमाच्या एका कुटुंबातला, १६२५ पासून जोपासलेला बोन्साय पाइन १९४५ च्या अणुबाँबमधून वाचला आणि १९७६ साली अमेरिकेला भेट म्हणून गेला. देताना बाँबचं कुणी बोललंच नाही. त्या कुटुंबातले नातू २००१ साली वॉशिंग्टनला झाड बघायला गेले, तेव्हा ते उघड झालं. आणि इथे पेन्सिलीला पाटी!

एवढं बोलायचा अधिकार मला माझ्या जेडनं दिला. हे बुटकं जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, तिथे हत्तींचं आवडतं खाद्य. हत्ती वरून खातो, त्यामुळे खालच्या लोंबत्या फांद्या जमिनीला टेकून मुळं धरतात आणि झुडूप टिकतं. शेळी खालून कुरतडते आणि झुडूप संपवते. आमच्या गॅलरीत पाच वर्षं मीच शेळी होतो. शेजारच्या काकांनी एकदा ते पाहिलं आणि माझ्या हातातली कात्री काढून घेऊन स्वतःच्या खिशात घातली. मग १५ किलोचा तेलाचा रिकामा डबा आणवला, तळाला भोकं पाडली, मुळं खाली न जाता आडवी पसरावीत म्हणून रोपाखाली फरशीचा तुकडा ठेवला. "चार वर्षं हात लावायचा नाही," म्हणाले. "मग इथे कापायचं," आणि खडूनं वीतभरावर रेघ ओढली. वरचं सगळं जाणार, त्या कापाजवळून फुटेल तो नवा शेंडा धरायचा. तसं दोनतीनदा केलं की बुंधा निमुळता होतो. कापल्यावर जखम सुकेपर्यंत पाणी द्यायचं नाही, हेही बजावलं.

चार वर्षं गेल्या महिन्यात पुरी झाली. खोड आता तीन बोटं भरतं आणि शेंडा माझ्या खांद्याला लागतो. काका गेल्या पावसाळ्यात गेले. कात्री त्यांच्याकडेच राहिली. खडूची रेघ कधीच पुसली गेली, पण कुठे होती ते मला पक्कं ठाऊक आहे. चार रविवार मी करवत घेऊन तिथे टेकवतो आणि परत ठेवतो.

काल बायको बादली घेऊन आली. म्हणाली, "अहो, कापताय का? नाहीतर सरका, चादरी वाळत घालायच्यात."