नारळ फुटला, सिक्वेन्सर झाकला

आमच्या विभागात सिक्वेन्सर आला तेव्हा मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होते. नारळ फुटला, पेढे वाटले, यंत्राशेजारी उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. आज त्यावर कव्हर आहे. खोलीतला एसी तेवढा इमानेइतबारे चालू असतो.

यंत्र बिघडलेलं नाही. गाडं अडलंय कार्ट्रिजपाशी.

उदाहरणादाखल इल्युमिनाचं मायसेक घ्या. डीएनएची नवी साखळी तयार होताना जोडलं गेलेलं प्रत्येक अक्षर चमकतं आणि कॅमेरा ती चमक टिपतो. त्याची रसायनं गोठवलेल्या कार्ट्रिजमधून येतात, आणि कार्ट्रिज एकदाच वापरायचं. ६०० चक्रांचं व्ही-३ कार्ट्रिज अडीचएक दिवसांत साधारण १३ ते १५ अब्ज अक्षरं वाचतं. ई. कोलायच्या जीनोममध्ये अक्षरं सुमारे ४६ लाख. प्रत्येक अक्षर ५० वेळा वाचायचं म्हटलं तरी पन्नासेक नमुने एकदम बसतात. म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या दोन नमुन्यांसाठी यंत्र लावणं म्हणजे दोन प्रवाशांसाठी अख्खी एसटी सोडणं. साहजिकच कोणी सोडत नाही.

आता अनुदानाकडे या. यंत्राचे पैसे एका हेडखाली, रसायनांचे दुसऱ्या. पहिल्याचे दुसरीकडे वळवता येत नाहीत. त्यात ३१ मार्च जवळ आला की जे मोठं, जे एका बिलात बसतं, तेच घेतलं जातं. देखभालीचा करार, चालवणाऱ्या माणसाचा पगार, डेटा साठवायला सर्व्हर? ‘ते पुढे बघू.’

खरेदीच्या नियमांवर भरपूर चर्चा झाली. मे २०२० मध्ये केंद्राने २०० कोटींखालच्या जागतिक निविदा बंद केल्या आणि प्रयोगशाळा अडल्या. जून २०२५ मध्ये संशोधन-उपकरणांसाठी संचालक आणि कुलगुरूंना सूट मिळाली. चांगलं झालं. पण हा सगळा वाद यंत्र दारात येईपर्यंतचा. त्यानंतरच्या पाच वर्षांबद्दल कोण बोलतंय?

सगळ्यात खटकतं ते प्रशिक्षण. प्रस्तावात ‘विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभव’ हे वाक्य हमखास असतं. प्रत्यक्षात एमएस्सीची मुलं काचेबाहेरून यंत्र बघतात. चूक झाली तर महागडं कार्ट्रिज वाया जाणार, म्हणून हात लावू देत नाहीत. आणि चुका केल्याशिवाय लायब्ररी बनवायला शिकणार कशी?

शिकवायचंच असेल तर नॅनोपोरचं मिनआयन घ्यावं, असं माझं मत. वजन जेमतेम १०० ग्रॅम, लॅपटॉपला जोडायचं. २०१५ मध्ये गिनीत इबोलाचे विषाणू त्यावर वाचले गेले. फ्लो सेल धुऊन पुन्हा वापरता येतात. अचूकता थोडी कमी आणि फ्लो सेलची मुदतही मोजकीच, हे खरं. पण वीस मुलांचे हात त्याला लागू शकतात. (फोटोत मात्र ते दिसणारच नाही, ही त्याची खरी अडचण.)

मोठं यंत्र घ्यायचंच असेल, तर निविदेतच तीन वर्षांची रसायनं आणि देखभाल मागा, आणि शेजारच्या चार कॉलेजांचे नमुने एकत्र करून कार्ट्रिज भरा. दर महिन्याची एक तारीख ठरवली तरी पुरे.

माझे बारा नमुने सोमवारी कोरड्या बर्फात कुरिअरने बाहेरच्या लॅबला चाललेत. डबा मी सिक्वेन्सरच्याच खोलीत भरते, तिथे एसी असतो ना.