पॅराहायड्रोजन पद्धतीतील ‘संकेतवृद्धी’ : एका निकषाची चिकित्सा

प्रस्तावना

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची असून, अवकाशातील उदासीन हायड्रोजनचा अतिक्षीण संकेत टिपणे हे तिच्या प्रमुख उद्दिष्टांपैकी एक होय. याच संस्थेत अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या संशोधनाचा पाया घालणारे एस. एस. धर्मट्टी यांनी १९५१ साली आर्नल्ड व पॅकार्ड यांच्यासह असे दाखवून दिले होते, की एकाच रेणूत वेगवेगळ्या जागी असलेले हायड्रोजन वेगवेगळे संकेत देतात. कार्बनलाही लागू असलेल्या या तत्त्वामुळेच आज शरीरातील पायरुव्हेट आणि त्यापासून बनलेले लॅक्टेट वेगळे ओळखता येतात. अनेक कर्करोगांत हे रूपांतर वाढलेले असल्याने त्याचे चित्रण महत्त्वाचे ठरते. अडचण आहे ती संकेताच्या क्षीणतेची. ती दूर करणाऱ्या एका रासायनिक पद्धतीचे मूल्यमापन कोणत्या निकषावर व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पद्धतीचे स्वरूप

३ टेस्ला क्षेत्रात, सामान्य तापमानाला, कार्बन-१३ अणुकेंद्रांचे ध्रुवीकरण दहा लाखांत जेमतेम २.६ एवढे असते. पॅराहायड्रोजनच्या रेणूत मात्र दोन्ही अणुकेंद्रांची परिवलने परस्परविरुद्ध बांधलेली असतात. हा वायू दुसऱ्या रेणूला जोडल्यास ही सुव्यवस्था प्रबळ संकेताच्या रूपाने प्रकट होईल, असे बोअर्स व वाइटेकॅम्प यांनी १९८६ मध्ये मांडले. २०१५ मध्ये रेनेरी, आयमे व सहकाऱ्यांनी पायरुव्हेटला असंपृक्त शाखा जोडून तिचे हायड्रोजनीकरण करण्याची, ध्रुवीकरण कार्बनकडे वळवण्याची व नंतर ती शाखा तोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तापमान, वायूचा दाब, रोडियम उत्प्रेरक आणि द्रावक यांची जुळणी हा अशा अभिक्रियांच्या इष्टतमीकरणाचा गाभा होय.

चिकित्सा

या संशोधनाचे यश बहुधा ‘इतके हजार पट’ या भाषेत सांगितले जाते. हा निकष तीन कारणांनी अपुरा आहे.

पहिले कारण संदर्भक्षेत्राचे. २० टक्के ध्रुवीकरण ३ टेस्लाच्या तुलनेत सुमारे ७७ हजार पट भरते, तर १ टेस्लाच्या तुलनेत सुमारे २ लाख ३२ हजार पट. रसायन तेच; केवळ मापदंड बदलला.

दुसरे कारण काळाचे. ध्रुवीकरणाचा ऱ्हासकाल ६० सेकंद धरू. एका अभिक्रियेतून ३० टक्के ध्रुवीकरण मिळाले, पण रोडियम व द्रावक काढून टाकण्यास ९० सेकंद लागले, तर हाती ६.७ टक्के उरतात. दुसरीतून २० टक्केच मिळाले, पण शुद्धीकरण ३० सेकंदांत झाले, तर १२ टक्के उरतात. परीक्षानळीत सरस ठरलेली अभिक्रिया रुग्णापर्यंत पोहोचेतो निरस ठरते. शुद्धीकरण टाळून हा वेळ वाचवता येत नाही, कारण तसे द्रावण शरीरात देणे घातक आहे.

तिसरे कारण वायूच्या शुद्धतेचे, आणि आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. जुन्नर-आंबेगावच्या पशुपालकांना कृत्रिम रेतनाच्या निमित्ताने द्रवरूप नायट्रोजनची पात्रे परिचित आहेत. त्या तापमानाला, योग्य उत्प्रेरकाच्या सान्निध्यात, पॅराहायड्रोजनचे प्रमाण २५ वरून सुमारे ५० टक्क्यांवर जाते. सुमारे २० केल्विनपर्यंत शीतन करणारी महागडी यंत्रणा असल्यास ते जवळजवळ १०० टक्के होते. परंतु ५० टक्के वायूतून पूर्ण ध्रुवीकरणाचा एक तृतीयांश भागच मिळतो. साहजिकच, अल्प साधनांच्या प्रयोगशाळेतील उत्तम रसायन केवळ ‘पटी’च्या आकड्यामुळे तिप्पट दुबळे भासते.

निष्कर्ष

रेडिओ खगोलशास्त्रात संकेत किती पट मोठा केला यापेक्षा तो गोंगाटातून किती स्पष्टपणे वर आला, याला महत्त्व असते. तोच विवेक येथेही आवश्यक आहे. वापराच्या क्षणी उरलेले ध्रुवीकरण, द्रव्याची संहती, शुद्धीकरणास लागलेला काळ आणि पॅराहायड्रोजनचे प्रमाण या चार बाबी नोंदविल्याशिवाय दोन अभिक्रियांची तुलना ग्राह्य मानू नये. लेखपरीक्षकांनी हा आग्रह धरल्यास यंत्राची श्रीमंती आणि रसायनाची गुणवत्ता यांतील फरक स्पष्ट होईल, आणि साधनांनी लहान असलेल्या संस्थांच्या कामाला न्याय मिळेल.