‘आर’ भाषेतील घटक-चाचण्या आणि प्रमाणाचा प्रश्न

संख्याशास्त्रीय गणनेसाठी निर्माण झालेल्या ‘आर’ या संगणकभाषेचा प्रवेश आता भाषाभ्यासातही झाला आहे. शब्दांची वारंवारता, वाक्यांची लांबी, बोलींतील रूपभेद यांची मोजदाद तिच्या साहाय्याने होते. ही मोजदाद बिनचूक आहे हे ठरविण्याचा रूढ मार्ग म्हणजे घटक-चाचणी. आज्ञावलीचा एकेक लहान भाग सुटा घ्यावयाचा, त्यास ज्ञात सामग्री पुरवावयाची आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी यंत्राकडूनच ताडून घ्यावयाचे. हॅडली विकम यांचे ‘टेस्टदॅट’ हे या कामाचे सुपरिचित साधन होय.

या साधनाचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. प्रत्येक चाचणीच्या आरंभी तिचा हेतू एका वाक्यात लिहावा लागतो. त्याखाली अपेक्षा येतात. सर्व चाचण्या एका आज्ञेने चालतात, आणि एखादी फसली तर अपेक्षित काय होते व मिळाले काय, हे शेजारी शेजारी दिसते. त्यामुळे एकदा दुरुस्त केलेला दोष पुन्हा शिरल्यास तो लपून राहत नाही.

परंतु अपेक्षित उत्तर येते कोठून, या प्रश्नाचे उत्तर साधन देत नाही. आणि व्यवहारातील शैथिल्य नेमके येथेच आहे. श्रीवर्धन तालुक्यातील, राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेल्या दिघी या बंदराचे नाव घेऊ. आरमधील ‘एन्‌कॅर’ या फलनास ‘दिघी’ची लांबी विचारली असता ते ४ हा आकडा देते, कारण द, ऱ्हस्व वेलांटी, घ आणि दीर्घ वेलांटी ही त्याच्या लेखी चार स्वतंत्र चिन्हे आहेत. बाइट मोजावयास सांगितले तर युटीएफ-८ या संकेतनात उत्तर १२ येते. मराठी वाचकास मात्र या नावात दोनच अक्षरे दिसतात. त्याच जिल्ह्यातील ‘उरण’ या नावाची चिन्हेही ३ आणि अक्षरेही ३. म्हणजे यंत्राच्या मते ‘दिघी’ हे ‘उरण’पेक्षा लांब, वाचकाच्या मते आखूड. क्रमच उलटतो! आता अभ्यासकाने फलन चालवून मिळालेला ४ हाच आकडा ‘अपेक्षित’ म्हणून चाचणीत लिहिला, तर चाचणी निर्वेधपणे उत्तीर्ण होईल, आणि पाठ्यपुस्तकांतील शब्दांच्या सरासरी लांबीचे कोष्टक मात्र चुकीचे छापले जाईल.

यावर उपाय म्हणून चिन्हांऐवजी चिन्हसमूह मोजावेत, असे सुचविले जाते. तोही निरपवाद नाही. ‘श्रीवर्धन’ या नावात ९ चिन्हे आणि ४ अक्षरे आहेत. युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे त्याचे ६ समूह पडत, कारण हलन्तापाशी जोडाक्षर तुटत असे. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीने देवनागरी जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम आणला, आणि समूह ४ झाले. परिणामी एकच चाचणी एका यंत्रावर उत्तीर्ण व दुसऱ्यावर अनुत्तीर्ण होऊ शकते. अशा वेळी अपेक्षित आकडा निमूटपणे बदलणे हा मार्ग नव्हे. कोणती व्याख्या आपण स्वीकारली होती, हे चाचणीच्या हेतुवाक्यातच नोंदलेले असावयास हवे.

२०२० मध्ये टेस्टदॅटच्या तिसऱ्या संस्करणाने आणलेली ‘स्नॅपशॉट’ चाचणी तर हा धोका वाढविते. तीत आज्ञावलीचे पहिले उत्तर जपून ठेवले जाते व पुढील उत्तरे त्याच्याशी ताडली जातात. उत्तर बदलले की नाही एवढेच तीतून कळते. ते मुळात खरे होते की नाही, हे कळत नाही. निवेदकाचे उच्चार तपासण्यासाठी त्याचेच कालचे ध्वनिमुद्रण प्रमाण धरावे, तसे हे आहे. मुद्रित तक्त्याची मांडणी राखण्यास ही पद्धती उपयुक्त आहे. भाषिक सिद्धान्ताची कसोटी म्हणून ती स्वीकारता येणार नाही.

तात्पर्य, आज्ञावली लिहिण्यापूर्वीच अभ्यासकाने निवडक शब्दांची यादी करावी, त्यांची अक्षरे हाताने मोजावीत, ती दुसऱ्या जाणकाराकडून स्वतंत्रपणे मोजवून घ्यावीत आणि मतभेदाची स्थळे नोंदवावीत. हीच यादी चाचणीचा आधार व्हावी. दोन उत्तरे जुळतात की नाही, एवढेच यंत्र सांगू शकते. त्यांपैकी प्रमाण कोणते हे ठरविण्याची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकाचीच आहे, आणि ती साधनावर सोपविता येत नाही.